मच्याडो बाई आणि उमेळ्याची अर्धशंखी

मच्याडो बाईंच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'शांत, मृदुभाषी आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या' असं म्हटलं, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसून चहा पीत होतो. तो चहा नाकातून बाहेर आला. शेजारच्या वयस्क बाईंना वाटलं, मला हुंदका फुटला. त्यांनी मला स्वतःचा रुमाल दिला आणि पाठीवरून हात फिरवला. मीही नाइलाजाने डोळे पुसले. बाईंच्या बाबतीत मी कायम जे करत आलो, तेच मी शोकसभेतही केलं, म्हणजे घोटाळा.

पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. माणूस गेलं की त्याच्यावर पिठीसाखर भुरभुरायची ही कुठली रीत? मच्याडो बाई शांत नव्हत्या. त्या सकाळी रागावलेल्या यायच्या आणि संध्याकाळी रागावलेल्या जायच्या. त्यांच्या प्रत्येक रागाला कारण असायचं. ते कारण पुसून टाकायचं असलं, की माणसाला शांत म्हणायचं. सोपं असतं.

बाई आमच्या वसईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत विरारहून तिथे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. म्हणजे बेडूक कापून दाखवायचे, बाटल्या पुसायच्या आणि प्राध्यापकांच्या शिव्या खायच्या. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत गेलो तर एक उंच, हडकुळी, पन्नाशीची बाई, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट अशा अवतारात टेबलावर वाकून काहीतरी पाहत होती. टेबलावर केळीच्या खोडाचं ओलं सोपट होतं आणि त्यावर एक गोगलगाय चालली होती. ओळख वाढवावी म्हणून मी म्हणालो, "गोगलगाय नि पोटात पाय! काय बाई, बिचारीचा शंख गळून पडलेला दिसतो."

बाईंनी मान वर न करता विचारलं, "तू कोण?"

"म्हात्रे. नवीन डेमॉन्स्ट्रेटर."

"गळून पडायला तो शंख म्हणजे काय तुझी पँट आहे, म्हात्रे? आणि पोटात पाय नाहीत. पोट हाच पाय आहे. एवढीशी म्हण, तीसुद्धा धड नाही केली आपल्या लोकांनी. इकडे ये. बघ."

मी पाहिलं. ओल्या मातीच्या रंगाचं, बोटाएवढं जनावर. पाठीवर मधाच्या रंगाचा, करंगळीच्या नखाएवढा शंख. खरं तर शंख कसला, कांद्याचा पापुद्रा. त्यावर दोन्ही बाजूंनी अंगाचेच दोन पदर आलेले. बाईंनी चिमट्याने जरा डिवचलं तशी तिने ते पदर मिटून घेतले आणि शंख दिसेनासा झाला.

"ही शंखात शिरू शकत नाही," बाई म्हणाल्या. "जागाच नाही. काही गोगलगाई पूर्ण घर घेऊन फिरतात, काहींनी घर टाकून दिलंय. ही मधली. घर लहान लहान करत आणलंय, पण सोडलेलं नाही. पुस्तकात हिच्यासारखी एक आहे. ही ती नाही."

"कशावरून?"

"तेच तर शोधतेय, गाढवा!"

इंग्रजीत अशांना सेमीस्लग म्हणतात. बाईंनी मराठीत 'अर्धशंखी' हा शब्द केला होता. ही त्यांना सापडली होती वसईजवळच्या उमेळ्याला, त्यांच्या स्वतःच्या वाडीत, केळी आणि पानवेलींच्या सावलीत. लहानपणापासून पाहत होत्या. आणि ही वेगळी जात आहे, तिची नीट ओळख पटवून तिला शास्त्रात तिची जागा मिळवून द्यायची, एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात धरला. लग्नाचा धरला नाही, बढतीचा धरला नाही.

हट्टापायी त्यांनी कुणालाही सोडलं नाही. एका रविवारी चर्चमधल्या मिस्सामध्ये फादरांनी प्रवचन केलं, की देवाने सगळे पशुपक्षी आदामापुढे आणले आणि आदामाने प्रत्येकाला नाव दिलं. मिस्सा संपल्यावर बाई देवळाच्या दारात फादरांना आडव्या गेल्या. "फादर, सगळ्यांना नावं दिली म्हणालात ना? मग माझ्या वाडीतल्या गोगलगाईचं नाव काय, ते तेवढं विचारून सांगा." फादर हसले. बाई हसल्या नाहीत. "हसण्यासारखं काय आहे? एक तर आदाम विसरला, नाहीतर आपण विसरलो." त्यानंतर फादर बाईंना पाहून दुसऱ्या दाराने जायचे, असं बाईंचा भाऊ इनास सांगायचा.

हा इनास म्हणजे वाडीचा खरा मालक-शेतकरी. पानवेलीची कोवळी पानं गोगलगाई खातात म्हणून तो वेलींच्या बुडाशी राख आणि चुना टाकायचा. बाईंना ते दिसलं की दोघं बहीणभाऊ घरच्या बोलीत भांडायची. मला त्यातलं निम्मंच कळायचं, पण भांडण समजायला भाषा लागत नाही.

"अगं, ती शेंबडी माजी पानं खाते नि तू तिचे फोटो काढ!" इनास म्हणायचा.

"पानं तुझी कशी? तुझ्या बापाच्या आधीपासून ती खातेय."

"माजा बाप म्हंजे तुजा पन बाप!"

"म्हणूनच बोलतेय!"

मग इनास चुन्याचं घमेलं आपटून चहा सांगायला जायचा.

आता माझा पराक्रम सांगतो. तो सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

ही जनावरं तशीच स्पिरिटमध्ये टाकली तर आक्रसून सुपारी होतात, मग काही दिसत नाही. म्हणून बाई आधी पाणी उकळून गार करत, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. ते पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, जनावरं आत सोडायची आणि हवेचा बुडबुडाही न ठेवता झाकण लावायचं. ती अंग ताणून, शिंगं बाहेर काढून मरतात. मग स्पिरिट. झाकण लावताना बाई दर वेळी हळूच म्हणायच्या, "माफ करा गं, बायांनो." माणसांची माफी त्यांनी मागितलेली मी कधी ऐकली नाही.

अशी तयार केलेली जनावरं बाई मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतल्या तज्ज्ञांकडे पाठवणार होत्या. मे महिन्यात त्या परीक्षांच्या कामाला बाहेरगावी गेल्या. इकडे स्पिरिटच्या साठ्याची सरकारी तपासणी येणार म्हणून प्राचार्यांनी कपाटाला कुलूप घातलं. उकाड्याने बाटल्यांतलं स्पिरिट उडत चाललेलं. मी विचार केला, म्हात्रे, बाईंचं आयुष्यभराचं काम सुकून जाईल! कोपऱ्यात बेडकांच्या जुन्या हौदातलं फॉर्मलिन होतं. मी उरलंसुरलं स्पिरिट ओतून टाकलं, बाटल्या फॉर्मलिनने काठोकाठ भरल्या, आणि घरी जाऊन आईला सांगितलं की आज मी विज्ञानाची सेवा केली.

बाई आल्या. गोगलगाईंचे पदर मिटलेले, आतलं वरून दिसेना, त्यामुळे बाईंनी बाटल्या न उघडता तशाच बांधायला दिल्या. पार्सलची सुतळी मीच बांधली. सुरेख गाठ मारली होती.

उत्तर पावसाळ्यात आलं, तेही प्राचार्यांच्या नावे. ते त्यांनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मतलब असा, की ही साधी, शंख नसलेली गोगलगाय आहे, नवीन काही नाही. सोबतच्या चित्रात दाखवलेला शंख एकाही नमुन्यात आढळला नाही. शिक्षकांनी डोळ्यांना दिसतं तेवढंच काढावं, कल्पनाशक्ती आवरावी.

कुणीतरी खुदकन हसलं. गणिताचे एक गृहस्थ म्हणाले, "मिस मच्याडो, शंख फुंकण्याआधी आहे का ते बघायचं!" आणि सगळी स्टाफरूम हसली. त्या माणसांची तोंडं मला अजून आठवतात, आणि आठवली की अजून मुठी वळतात. त्या हसण्यात मी नव्हतो, पण तो माझा मोठेपणा नव्हे. मी त्या पार्सलच्या गाठीचा विचार करत होतो.

बाईंनी कप बशीत ठेवला आणि त्या सरळ प्रयोगशाळेत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी शिल्लक राहिलेली बाटली उघडली, वास घेतला. एका जनावराचे पदर सुईने उचलले. खाली काहीच नव्हतं. नुसता मऊ खळगा. मग त्यांनी निळ्या लिटमसची पट्टी बाटलीत बुडवली आणि माझ्यासमोर धरली.

"म्हात्रे, हा कागद कोणत्या रंगाचा आहे?"

"लाल, बाई."

"जुनं फॉर्मलिन आंबतं. आम्लात चुना विरघळतो. शंख कशाचा असतो?"

"चुन्याचा, बाई."

"हे तू मुलांना कधी शिकवलंस?"

"गेल्या आठवड्यात."

मला वाटलं आता बाटली डोक्यात बसणार. बाई खुर्चीवर बसल्या. "तू मूर्ख आहेस, हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मूर्खाचं काही ना काही करता येतं. पण त्या माणसाने मला खोटी म्हटलं, म्हात्रे. मला वेडी म्हण, भांडकुदळ म्हण. खोटी?" त्यांचा आवाज चिरकला. लगेच त्यांनी टेबलावर थाप मारली. "त्याला एवढंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही, की हा खळगा कशाचा? पाठीवर खळगा आहे! घर गेलं तरी घराची जागा दिसतेय! आणि म्हणे डोळ्यांना दिसतं तेवढं काढा!"

त्यांनी तिथल्या तिथे तज्ज्ञांना उत्तर लिहिलं, की आमच्या प्रयोगशाळेतल्या चुकीमुळे शंख नष्ट झाला, नवे नमुने घेऊन येतो. मी पुटपुटलो, "बाई, चूक माझी आहे." त्या म्हणाल्या, "'आमची' लिहिलंय. मान वर कर आणि छत्री घे. उमेळ्याला जायचंय."

उमेळ्यात मात्र तोवर भलतंच घडलं होतं. इनासने वाडीचा पानवेलींचा तुकडा बिल्डरला दिला होता. पोरांना शेती नको होती, विहिरीचं पाणी मचूळ होत चाललं होतं. त्याचीही बाजू होती. पण त्याने बहिणीला सांगितलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा केळी आडव्या झाल्या होत्या आणि मुरुमाचा ट्रक मागे मागे वाडीत शिरून उभा होता.

बाई सरळ आत शिरल्या. तोडलेल्या केळीच्या एका बुंध्यावर, ट्रकच्या बरोबर मागे, छत्री उघडून बसल्या.

बिल्डरचा सुपरवायझर धावत आला. "मॅडम, बाजू व्हा, गाडी खाली करायची हाय."

"कर की. माझ्यावर कर."

"मॅडम, जागेचा व्यवहार झाला. कागद दाखवू का?"

"कागदात गोगलगाई आहेत का?"

"काय?"

"जागा घेतलीस, विहीर घेतलीस. गोगलगाई घेतल्याचं कुठं लिहिलंय ते दाखव. नसेल लिहिलं तर त्या माझ्या. माझं सामान काढून होईपर्यंत गाडी हलायची नाही." मग माझ्याकडे वळून, "म्हात्रे! बघतोस काय? सोपटं उचकट!"

इनास लांब उभा राहून म्हणाला, "मी सांगनार होतो तुला."

"सांगणार होतास! मेल्यावर सांगणार होतास!"

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि तो आत आडवा झाला. मी चिखलात गुडघे टेकून सोपटं उचकटत राहिलो. पाटात पडलो, उठलो, पुन्हा पडलो. अर्धशंखी मिळत होत्या, चांगल्या मोठ्या, वयात आलेल्या. पावसाळा सरताना त्या तशा मिळतात आणि ओळख पटवायला तशाच लागतात, कारण खरा फरक पोटातल्या जननेंद्रियांत असतो. मी त्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेलो. आत गुदमरतील म्हणून झाकण जरा सैल ठेवलं. पुन्हा विज्ञानाची सेवा!

बाईंच्या घरी येऊन डबा उघडला तर निम्म्या गायब. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "हलू नकोस," त्या कुजबुजल्या. "मान अजिबात हलवू नकोस." माझ्या कॉलरवर, मानेवर, कानामागे अर्धशंखी चढल्या होत्या. बाई एकेक अलगद उचलत गेल्या. इतक्या वर्षांत बाईंनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलेलं तेवढंच, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

मग कित्येक महिने बाई खिडकीपाशी मेणाच्या ट्रेवर वाकून बसलेल्या असायच्या. पाण्याखाली जनावर टाचण्यांनी पसरायचं, केसासारख्या नळ्या एकमेकींपासून सोडवायच्या, मग चित्र. पुस्तकातल्या जातीत एक नळी लांब, पिळलेली होती. हिच्यात ती आखूड, सरळ, आणि तिच्या बुडाशी एक पिशवी, जी पुस्तकातल्या जातीत नव्हतीच. पहिल्यात दिसली, तशी बाईंनी मला ओढून भिंगाला लावलं. "दिसली? दिसली का, आंधळ्या?" मला काहीच दिसलं नव्हतं. मी म्हणालो, दिसली. "कुठे?" मी बोट दाखवलं. "ते आतडं आहे!" पण त्या दिवशी शिवीतही दिवाळी होती. एकेक करून सगळ्यांत ती पिशवी निघाली.

तोवर उमेळ्याच्या त्या तुकड्यावर पाया भरून झाला. उरलेल्या केळीत जी अर्धशंखी होती, तीही पुढच्या पावसात दिसेना. बाईंनी मला घेऊन आजूबाजूच्या वाड्या पालथ्या घातल्या, पार राजोडीपर्यंत. साध्या गोगलगाई पुष्कळ. ही नाही.

अखेर बाटल्या घेऊन आम्ही मुंबईला त्या तज्ज्ञांकडे गेलो. या खेपेस बाटल्यांना हात लावायची मला मनाई होती. डॉक्टरसाहेब गोरेगोमटे, गोड बोलणारे. त्यांनी शंख पाहिला, चित्रं पाहिली, भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मिस मच्याडो, अभिनंदन. ही जात नवीनच दिसते. मी वर्णन प्रसिद्ध करतो. हवं तर नाव तुमच्यावरून ठेवू."

मला उडी मारावीशी वाटली. बाईंनी विचारलं, "ठिकाण काय लिहिणार?"

"बॉम्बे."

"ही उमेळ्याची आहे."

"हो, पण उमेळे कोणाला माहीत आहे? परदेशात वाचणारे लोक गोंधळतात. बॉम्बे म्हटलं की कळतं."

"डॉक्टर, हिला पुन्हा शोधायचं म्हटलं तर माणूस पहिल्या ठिकाणी जातो. तुम्ही बॉम्बे लिहिलंत तर तो मलबार हिलवर शोधत बसेल."

ते हसले. "बाई, तुम्हीच म्हणता वाडी बुजवली. मग आता काय फरक पडतो?"

ते वाक्य त्यांनी अगदी सौजन्याने उच्चारलं. बाईंनी हात पुढे केला आणि टेबलावरच्या बाटल्या एकेक करून पिशवीत ठेवायला सुरुवात केली.

"हे काय करताय?"

"फरक पडत नाही ना? मग राहू दे. बुजवणाऱ्याने निदान ट्रक थांबवला होता."

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच भांडलो. आयुष्यात एकदाच. "बाई, हिला नाव तर मिळालं असतं!"

"नाव मिळालं असतं, गाव गेलं असतं. गाव तर गेलंच आहे, म्हात्रे. आता ते होतं एवढं तरी कुठे लिहिलेलं नको?"

त्यांनी स्वतः वर्णन लिहून दोन-तीन ठिकाणी पाठवलं. प्रत्येकाने कळवलं, की मान्यवर तज्ज्ञाचा दुजोरा जोडावा. मान्यवर तज्ज्ञ देशात एकच होते, आणि त्यांच्या टेबलावरून बाई बाटल्या उचलून आल्या होत्या. मी आजही ठरवू शकत नाही की बाईंचं बरोबर होतं की चूक. पण त्या शोकसभेतल्या वक्त्याने 'सांभाळून घेणाऱ्या' म्हटलं ना, तेव्हा मला तो केबिनमधला गोड आवाज आठवला. एकदा, एकदाच बाईंनी सांभाळून घेतलं असतं, तर आज अर्धशंखीला नाव असतं, आणि उमेळे कुठेच नसतं.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी प्राचार्यांनी शाल दिली, नारळ दिला, आणि बाई प्रयोगशाळेतून बाटल्या घेऊन निघाल्या तर दारात अडवलं. "मिस मच्याडो, बाटल्या कॉलेजची मालमत्ता आहे."

"बाटल्या ना?" बाई म्हणाल्या. त्यांनी शिपायाला घरी पिटाळून लोणच्याची काचेची बरणी मागवली. मग प्राचार्यांच्या समोर, टेबलापाशी उभं राहून, एकेक अर्धशंखी चिमट्याने काढून बरणीत ठेवली, स्वतः आणलेलं स्पिरिट वर ओतलं, रिकाम्या बाटल्या नळाखाली धुतल्या, पालथ्या घातल्या. "घ्या तुमची मालमत्ता. पुसून घ्या, ओल्या आहेत."

मी शाल आणि नारळ सांभाळत मागे गेलो. फाटकाबाहेर टांगा उभा होता. पुढे महिन्याभरात मला डहाणूकडे नोकरी लागली. त्यानंतर बाईंची माझी भेट झाली नाही, त्यामुळे मला दिसतात त्या बाई त्याच. टांग्याच्या मागच्या बाकावर ताठ बसलेल्या, शाल मी वर टाकली ती खाली घसरलेली, दोन्ही हातांनी मांडीवर बरणी धरलेली. टांगा निघाला, रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात चाक गेलं आणि बरणीत लाट उठली.

"अरे, हळू हाक!" बाई कडाडल्या.

टांगेवाल्याने मागे वळून बरणीत पाहिलं. "मेलेल्या हायत ना त्या, बाई?"

"मेलेल्या आहेत म्हणून काय झालं? त्यांना लागत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

टांगेवाल्याने लगाम ओढला. घोडा पावलापावलाने चालू लागला, आणि वळणापर्यंत बाईंचा रागावलेला आवाज मला ऐकू येत राहिला.